जुन्या गाडीची इंजिन सेल्फ-टेस्ट घरी कशी करायची: आधी काय, नंतर काय, आणि लोक कुठं चुकतात

चेक इंजिनची लाइट लागली की आपल्याकडं दोनच गोष्टी होतात. एकतर कुणीतरी सांगतंय, "बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेव की जरा वेळ, जातंय ते." नाहीतर गाडी गॅरेजात जाते, स्कॅनर लागतो, ऑक्सिजन सेन्सरचा कोड येतो, सेन्सर बदलतात, आणि आठवडाभरात लाइट परत हजर. पहिल्यात ईसीएमनं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरनं, जे लिहून ठेवलेलं ते न वाचताच पुसलं गेलं, दुसऱ्यात कोडात ज्या पार्टचं नाव आलं तोच खराब असं धरून पैसे घातले. टेस्ट अवघड नाही, पण तिचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा केला की हातात काहीच राहत नाही. म्हणून खाली टप्पे दिलेत त्याच क्रमानं करा, मधला एखादा गाळू नका.

आधी बघा, तुमच्या गाडीत सेल्फ-टेस्ट आहे का

कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० किंवा ओम्नीत ईसीएमच नाही, मग टेस्ट कसली करणार. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांचंही तेच. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी गाडी असेल तर पुढं वाचा.

अशा गाड्यांत दोन प्रकार. जुन्या गाड्यांत, म्हणजे साधारण २००० च्या आसपासच्या बऱ्याच मारुती एमपीएफआय किंवा १९९८ ची पहिली होंडा सिटी, ठरलेल्या दोन पिना वायरनं जोडल्या की चेक इंजिनची लाइटच लुकलुकून कोड सांगते. नंतरच्या गाड्यांत स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट येतंय, त्याला स्कॅनर लागतो.

वर्षावरनं मात्र अंदाज बांधू नका. बीएस-४ (प्रदूषणाचा सरकारी नॉर्म) गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ (गाडीनं स्वतःचे बिघाड ओळखायची यंत्रणा) आणि १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं हे खरं, पण २०१० मध्ये बीएस-४ फक्त १३ शहरांत लागू झालं. त्या यादीत सोलापूर होतं, बेळगाव नव्हतं. अख्ख्या देशात बीएस-४ आलं ते १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे २०११ ची बेळगावची केए-२२ गाडी बीएस-३ असू शकतीय आणि तशीच सोलापूरहून आलेली एमएच-१३ गाडी बीएस-४. एमपरिवाहन ॲपवर गाडीचा नॉर्म दिसतोय, तो आधी बघून घ्या. आणि १६ पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे कुठलाही स्कॅनर बोलेलच असंही नाही, त्याबद्दल पुढं येतंय.

टप्पा १: तयारी (निम्मं काम इथंच आहे)

लागणारं सामान थोडं आहे: साधा डिजिटल मल्टीमीटर, वही-पेन, चांगला टॉर्च, दोन्ही टोकं सोललेली हातभर पातळ वायर किंवा स्कॅनर, दोन-तीन जादा फ्यूज आणि तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं डायग्नोसिसचं पान. शेवटचं सोडून बाकी सगळं लोकांकडं असतंय. पान नसेल तर वायरवाली टेस्ट करू नका, कुठली पिन कुठली हे अंदाजानं ठरवायची गोष्ट नाही.

आता बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर चार्ज पूर्ण आहे. १२.२ च्या खाली असेल तर टेस्ट थांबवा आणि आधी चार्ज करून घ्या. मग मीटर तसाच ठेवून कुणालातरी सेल्फ मारायला सांगा, व्होल्टेज ९.६ च्या खाली पडायला नको. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे. बॅटरी कमजोर असली की ईसीएमला सेन्सरचे आकडे वेडेवाकडे मिळतात आणि एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कोड एकदम येतात. असे भलतेच कोड जोडीनं आले की आधी बॅटरी आणि अर्थवर, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडलेली असते त्या जोडणीवर, संशय घ्या.

अर्थ तपासायची सोपी रीत: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. ०.१ - ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची पट्टी गंजलीय किंवा बोल्ट ढिला आहे. जांबोटी, कणकुंबी, खानापूरकडच्या गाड्यांत हे हमखास सापडतंय, चार महिने पाऊस आणि धुकं, त्यात गाडी अंगणात उघड्यावर. पट्टी सोडवून पॉलिश पेपरनं घासा आणि परत घट्ट बसवा.

मग बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा. एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा मोठा पाइप फाटलाय का, व्हॅक्यूमच्या बारक्या नळ्या निसटल्यात का, वायरी जोडणारे कपलर पूर्ण बसलेत का, फ्यूज उडालाय का. आणि उंदीर! ऊसतोडीच्या दिवसात शेताजवळ गाडी लावत असाल तर इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या वायरी टॉर्च मारून शेवटपर्यंत बघा, कारण टेपच्या आत कुरतडलेली वायर वरनं दिसत नाही, दाबून बघावी लागतीय.

⚠ गॅस किट असेल तर: एलपीजी बसवलेल्या गाडीत सगळी टेस्ट पेट्रोलवर करा. किटात बऱ्याचदा इंजेक्टर किंवा ऑक्सिजन सेन्सरचं सिग्नल फसवणारा इम्युलेटर असतोय, त्यामुळं गॅसवर घेतलेले आकडे गाडीचे की किटचे हेच कळत नाही.

टप्पा २: लाइट खरी आहे का बघा

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनची लाइट लागली पाहिजे. मग इंजिन चालू करा, बिघाड नसेल तर ती दोन-चार सेकंदांत विझायला पाहिजे.

चावी ऑन केल्यावर लाइट लागलीच नाही तर बल्ब गेलाय, किंवा कुणीतरी काढलाय. सेकंडहँड गाडीत ही जुनी चलाखी आहे. त्याहून बेरकी प्रकार म्हणजे चेक इंजिनचा बल्ब ऑइलच्या लाइटच्या वायरीला जोडून ठेवायचा, म्हणजे चावी ऑन केल्यावर लागतीय पण आणि इंजिन चालू झाल्यावर विझतीय पण, घेणारा खूश. दोन्ही लाइट दर वेळी अगदी एकाच क्षणी विझत असतील तर डॅशबोर्डवरचं मीटर उघडून बघायला पाहिजे. बल्ब खरा नसेल तर लुकलुकीचे कोड वाचताच येणार नाहीत, म्हणून हा टप्पा आधी.

टप्पा ३: इंजिन बंद ठेवून कोड वाचणे

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, एसी, टेप, हेडलाइट बंद. चावी ऑफ.

*वायरवाली पद्धत*

मॅन्युअलच्या पानावर दाखवलेला कपलर शोधा. मारुतीत मॉडेलप्रमाणे तो बॉनेटखाली नाहीतर डॅशबोर्डखाली असतोय, जुन्या होंडा सिटीत पुढच्या पॅसेंजरच्या बाजूला डॅशबोर्डखाली दोन पिनांचा सुटा कपलर असतोय. सांगितलेल्या दोन पिना, म्हणजे डायग्नोसिसची पिन आणि अर्थची पिन, वायरनं जोडा. नंतर चावी ऑन.

आता लाइट मोजायची. मारुतीच्या जुन्या पद्धतीत एक लुकलुक, थोडा थांबा, मग दोन लुकलुक, म्हणजे कोड १२, आणि १२ म्हणजे सगळं ठीक. हे माहीत नसल्यानं "माझ्या गाडीला १२ नंबरचा फॉल्ट आलाय" म्हणून विचारणारे दर वेळी भेटतात. १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, १४ आणि १५ कूलंट टेम्परेचर, २१ आणि २२ थ्रॉटल पोझिशन, २३ आणि २५ आत येणाऱ्या हवेचं तापमान, २४ स्पीड सेन्सर, ३१ आणि ३२ मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा. प्रत्येक कोड तीनदा येतोय आणि मग पुढचा. मॉडेलप्रमाणे यादीत थोडाफार फरक असतोय, त्यामुळं शेवटचा शब्द तुमच्या पानाचा. होंडात लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक, एक लांब आणि सात छोट्या म्हणजे १७.

मोबाइलवर व्हिडिओ काढा. भर उन्हात लाइट नीट दिसत नाही आणि तोंडानं मोजताना मधला थांबा चुकतोच.

*स्कॅनरवाली पद्धत*

चावी ऑफ असताना स्कॅनर सॉकेटात घाला, मग चावी ऑन, मग मोबाइल जोडा. जुन्या गाड्यांची ईसीएम स्कॅनरशी बहुतेक के-लाइन नावाच्या एका वायरीवर बोलते, म्हणजे सॉकेटची ७ नंबरची पिन. कॅन ही नंतरची पद्धत असेल तर ६ आणि १४. ७ नंबरची जागा भरलेली आहे आणि ६, १४ रिकाम्या आहेत असं दिसलं तर के-लाइनची गाडी समजा. स्वस्तातले कितीतरी ब्लूटूथ ॲडॅप्टर के-लाइन नीट बोलतच नाहीत, ॲप "कनेक्ट होत नाही" म्हणतंय आणि लोक ईसीएम गेली म्हणून रडत बसतात. आधी दुसऱ्या स्कॅनरनं बघा.

⚠ १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा थेट करंट असतोय, ४ आणि ५ अर्थ. १६ पिनांच्या सॉकेटात पेपर क्लिप किंवा वायर घालून "जुन्या पद्धतीनं" टेस्ट करायला जाऊ नका. १६ आणि ४ जोडले गेले तर नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज उडतोय.

⚠ पिवळ्या कपलरांना हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे.

इंजिन चालूच होत नसेल तर दोन-तीन सेकंद सेल्फ मारा आणि चावी ऑफ न करता, ऑनलाच ठेवून कोड वाचा. क्रँक आणि कॅम सेन्सरचे कोड इंजिन फिरल्याशिवाय उठत नाहीत.

टप्पा ४: लिहून ठेवा, आणि थंड इंजिनचे आकडे बघा

तारीख, किलोमीटर, सगळे कोड आले त्या क्रमानं, बॅटरीचं व्होल्टेज, आणि गाडीला नेमका त्रास काय: सकाळी मिसिंग, घाटात पिकअप नाही, सिग्नलला बंद पडतीय, काय असेल ते. ओबीडी-२ असेल तर फ्रीझ फ्रेम उघडा, कोड पडला त्या क्षणाचं तापमान, आरपीएम, स्पीड तिथं असतंय. ही माहिती सगळ्यात मौल्यवान आणि कोड पुसला की हीही जातीय.

स्कॅनर असेल तर इंजिन बंद, चावी ऑन, आणि लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, उघडा. गाडी रात्रभर उभी होती ना? मग कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं पाहिजे. सकाळी बाहेर २० अंश असताना एक २१ आणि दुसरा ४८ दाखवत असेल तर कोड नसला तरी ४८ वाला खोटं बोलतोय. थ्रॉटलची पेडल हळूहळू पूर्ण दाबून सोडा, आकडा मधेच उडी न मारता वर चढून खाली यायला पाहिजे.

मॅप सेन्सर. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतोय. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर, त्यामुळं इथं आकडा ९२-९३ किलोपास्कल येतोय. मॅन्युअलात आणि व्हिडिओत १०१ सांगितलेलं असतंय, ते समुद्रकाठचं आहे, आणि त्या ८-९ च्या फरकापायी इथं चांगले सेन्सर भंगारात गेलेत. निपाणीला थोडा जास्त येईल. चोर्ला उतरून गोव्यात गेलात की तोच सेन्सर १०० च्या वर दाखवेल आणि परत वर आलात की परत ९२. बेळगावात कुठली गाडी १०१ दाखवत असेल तर उलट तिच्यावर संशय घ्या.

टप्पा ५: आता पुसा (ह्याच्या आधी नाही)

वहीत सगळं आलं का? फोटो काढला का? मग पुसा. स्कॅनरनं पुसताना इंजिन बंद आणि चावी ऑन. वायरवाल्या गाडीत चावी ऑफ करून, जोडलेली वायर काढून, बॅटरीची निगेटिव्ह किंवा पानावर दिलेला फ्यूज सांगितलेला वेळ काढा. गाण्याच्या टेपला सिक्युरिटी कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

पुसल्यावर इंजिन चालू न करता लगेच परत वाचा. तेव्हाच परत आलेला कोड म्हणजे बिघाड आत्ता, ह्या क्षणी आहे, बहुतेक वायर तुटलेली किंवा शॉर्ट. न आलेला कोड जुना असेल किंवा अधूनमधून येणारा असेल. ह्या दोन्हीचा शोध वेगळ्या पद्धतीनं घ्यायचा असतोय म्हणूनच हा टप्पा.

एक लक्षात ठेवा, बॅटरी काढल्यावर ईसीएम शिकलेलं सगळं विसरते, त्यामुळं दोन-तीन दिवस आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता उभ्या गाडीचं इंजिन फिरणं, थोडं वरखाली होईल. त्याला नवीन बिघाड समजू नका.

टप्पा ६: इंजिन चालू ठेवून टेस्ट

गाडी उघड्यावर घ्या, शटर लावलेल्या गाळ्यात नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस गार पडतोय. ओढणी, लुंगी, मफलर, लोंबणारी लेस बेल्टपासून लांब. रेडिएटरचा फॅन न सांगता सुरू होतोय.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, फॅन एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत. अर्धवट गरम इंजिनवर टेस्ट करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, कारण तोवर ईसीएम ऑक्सिजन सेन्सरकडं बघतच नाही आणि मग "सेन्सर हलत नाही" म्हणून तो बदलला जातोय.

गरम झाल्यावर बघायचं ते असं. कूलंट साधारण ८० ते ९५ अंशांत. आयडलला मॅप २८ ते ४० च्या आसपास, ५० च्या पुढं असेल तर हवा कुठनंतरी चोरून आत जातीय, नाहीतर टायमिंग किंवा कॉम्प्रेशनचा प्रश्न आहे. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सतत वरखाली करायला पाहिजे.

फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतेय किंवा कमी करतेय तो आकडा, दिसत असेल तर आयडलला एकदा आणि २५०० आरपीएमला धरून एकदा, दोन्ही लिहा. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत चालतंय. आयडलला अधिक २० आणि २५०० ला नॉर्मल असेल तर व्हॅक्यूमची गळती शोधा. उलट आरपीएम वाढवल्यावर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर आणि पंपाचं प्रेशर बघा. पी ०१७१ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आला की ऑक्सिजन सेन्सर बदलणारे ही दोन आकड्यांची तुलना करत नाहीत.

टप्पा ७: हलवून बघणे

अधूनमधून येणाऱ्या बिघाडाला हाच उपाय. इंजिन आयडलला, एक माणूस आत लाइव्ह डेटा बघत बसलेला, दुसरा बाहेर एकेक कपलर आणि वायरिंगचा एकेक भाग हलक्या हातानं हलवतोय. एकावेळी एकच. आकडा उडाला किंवा इंजिननं झटका मारला की जागा सापडली. प्लगच्या वायरींना आणि कॉइलला मात्र इंजिन चालू असताना हात लावू नका, हिसका जोरात बसतोय.

टप्पा ८: कोडापासून पार्टापर्यंत

कोड सर्किटचं नाव सांगतोय. त्या सर्किटात सेन्सर, कपलर, वायरी, अर्थ आणि ईसीएम इतके सगळे येतात, आणि त्यातला सेन्सर तेवढा दुकानात मिळतो म्हणून तोच बदलला जातो. एक उदाहरण पूर्ण करून बघू.

पी ०११८ आलाय, म्हणजे कूलंट सेन्सरच्या सर्किटात व्होल्टेज जास्त. लाइव्ह डेटात तापमान उणे ४०. बेळगावात डिसेंबरातसुद्धा कुणी उणे ४० बघितलेलं नाही, म्हणजे सर्किट कुठंतरी उघडं आहे. चावी ऑफ करून सेन्सरचा कपलर काढा. कपलरमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं एकमेकींना जोडा, सेन्सरच्या नाही, गाडीच्या वायरिंगकडच्या. चावी ऑन. आता तापमान एकदम १३० च्या वर गेलं तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक आहेत, सेन्सर बदला. अजूनही उणे ४० च असेल तर नवा सेन्सर आणून काही होणार नाही, वायर तुटलीय किंवा अर्थ गेलाय, मीटर घेऊन तिच्या मागं लागा. पी ०११७ आला असेल तर उलटं: कपलर नुसता काढा, आकडा उणे ४० ला गेला तर सेन्सर आतून शॉर्ट, नाही गेला तर वायर कुठंतरी घासून अर्थला लागलीय.

⚠ ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरला. थ्रॉटल किंवा मॅपच्या तीन वायरींच्या सेन्सरला पिना जोडू नका, ५ व्होल्टची लाइन अर्थला लागून ईसीएमला त्रास होऊ शकतोय.

टप्पा ९: चालवून परत वाचणे

दुरुस्ती झाली, कोड पुसला, आता गाडी चालवायची. गल्लीत एक फेरी मारून काही कळत नाही. थंड इंजिनवर सुरू करा, गावातली गर्दी, मग काकतीकडं हायवेला एका स्पीडनं दहा-पंधरा मिनिटं, थोडा चढ, मग परत आयडलला उभी. पिकअपची तक्रार असेल तर चोर्ल्याच्या रस्त्याचा चढ घ्या. मधे चेक इंजिनची लाइट लुकलुकायला लागली तर पाय काढा आणि बाजूला घ्या. चालत्या ओबीडी-२ गाडीत लुकलुकणं म्हणजे जोराचं मिसफायर, जळलं नाही ते पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतंय.

परत आल्यावर पेंडिंग कोड, म्हणजे ईसीएमनं टिपलेले पण अजून पक्के न झालेले कोड, बघा, लाइट नसली तरी. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर अजून एकदा. पेंडिंगमध्ये तोच कोड आला तर टप्पा ७ वर परत जा.

इथपर्यंत करूनही जागा सापडली नाही, किंवा कोडच नाही आणि त्रास आहे, तर गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडं न्या. फ्युएल प्रेशर आणि कॉम्प्रेशन हे घरच्या सामानात होत नाही. नेताना वहीचं पान घेऊन जा, आणि "स्कॅनर लावा" एवढंच सांगू नका. कुठला कोड पुसल्या पुसल्या परत आला, ट्रिम आयडलला किती आणि २५०० ला किती, कुठला कपलर हलवल्यावर फरक पडला, हे सांगा. मग पार्ट बदलायच्या आधी तो काय तपासणार आहे ते विचारा. "बदलून बघू" एवढंच उत्तर आलं तर चावी परत घ्या.